‘घाबरल्यासारखं’चे प्रमाणित भाषांतर

उपेंद्र गायधनी यांनी नाशिकच्या एका महाविद्यालयात चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले. या काळात विद्यार्थ्यांनी त्यांना एकच टोपणनाव दिले, ‘स्वल्पविराम सर’. उत्तरपत्रिकेत काय म्हटले आहे यापेक्षा ते कुठे थांबले आहे हे ते आधी पाहत. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर त्यांनी जे काम पत्करले, ते या स्वभावाला साजेसेच होते. पुण्याच्या एका भाषांतर संस्थेसाठी ते मराठी मजकूर इंग्रजीत उलटवत. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर त्या माणसांच्या हाती पडणारा कागद त्यांच्या भाषेत असावा लागतो. आणि तो कागद नेमके तेच सांगतो आहे ना, हे पाहण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी, मूळ इंग्रजी न पाहता, तो परत इंग्रजीत आणावा लागतो. हे दुसरे कोणीतरी म्हणजे उपेंद्र. पुढे त्यांच्याकडे सहभागी लोकांनी लिहिलेल्या नोंदवह्याही येऊ लागल्या. प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी ते सही करत: हे भाषांतर अचूक व पूर्ण आहे.

ज्या चाचणीमुळे हे लिहिले जात आहे, ती एका गोळीची होती. मधुमेह जुना झाला की काहींच्या तळपायांची आग होते, चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. ती आग शमवण्यासाठीची ही गोळी. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात बावीस जण तिच्या चाचणीत होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. प्रत्येकाजवळ एक वही होती. रोज गोळी किती वाजता घेतली आणि नंतर काय वाटले ते आपल्या शब्दांत लिहायचे, मोबाइलवर पानाचा फोटो काढायचा, की तो थेट चाचणीच्या मुख्य कचेरीत जाई. वही रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वाचायची नाही असा नियम होता. त्यामागे शहाणपण होते. डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ म्हणण्याची आपल्याकडची रीत वहीसमोर पाळावी लागत नाही. सहाव्या आठवड्यात एक स्वतंत्र सुरक्षा समिती या नोंदी पाहणार होती आणि गैर काही दिसले नाही तर गोळीची मात्रा दुप्पट होणार होती. समितीची बैठक शुक्रवारी होती. दुप्पट मात्रा सोमवारपासून.

बुधवारी दुपारी उपेंद्र सातपूरहून शहर बसने परतत होते. तिथल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कारखान्यासाठी यंत्राची सूचनापत्रिका मराठीत करून द्यायची होती. पहिली पाळी नुकतीच सुटल्यामुळे बस भरलेली होती. त्र्यंबक नाक्याच्या अलीकडे दांडा धरून उभी असलेली पन्नाशीची एक बाई कंडक्टरला म्हणाली, “दादा, मला घाबरल्यासारखं होतंय.”

“ए भाऊ, ऊठ. मावशीला खिडकी दे,” कंडक्टर म्हणाला. “घाबरं होतंय त्यांना. पाणी आहे का कुणाकडे?”

बाटली पुढे आली. कोणी खिडकीची काच सरकवली. एका मुलीने बाईंचे मनगट हातात घेतले. “सकाळपासून काही खाल्लंय का, मावशी?”

“ड्रायव्हरला बघून घाबरल्या असतील हो,” मागून एक जण म्हणाला. “आधी त्याला बदला.”

“तू उतरशील ना, तेव्हा बघतो तुला,” ड्रायव्हर आरशात पाहत म्हणाला.

बस हसली. पाणी पिता पिता बाईसुद्धा हसल्या. उपेंद्रही हसले, आणि ते हसू त्यांच्या तोंडावरच अडकले. हा विनोद का होता? बाई घाबरलेली नाही हे बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक होते म्हणूनच तो विनोद होता. ‘घाबरल्यासारखं होणे’ याचा भीतीशी संबंध जोडणे हीच त्यातली गंमत होती. आणि हीच गंमत, इंग्रजीत, सहीनिशी, आपण गेला महिनाभर पुण्याला पाठवत आलो आहोत, असे त्यांना वाटून गेले. शेवटच्या थांब्याला, निमाणीला, बस थांबली तेव्हा ते उतरायचे विसरले होते. कंडक्टरने हाक मारली.

घरी येताच त्यांनी संगणकावर संस्थेचे पान उघडले. बंद झालेल्या फाइली बदलता येत नसत, वाचता येत. शोध घेतला. नऊ जणांच्या वह्यांत मिळून सत्तावीस वाक्ये निघाली. पहिले वाक्य तिसऱ्या क्रमांकाच्या वहीतले होते: ‘रक्त काढायची सुई बघून घाबरल्यासारखं झालं.’ तिथे त्यांनी ‘भीती वाटली’ असे इंग्रजी केले होते, आणि ते बरोबर होते. चूक पुढे होती. संस्थेची भाषांतर प्रणाली एकदा मान्य झालेला पर्याय लक्षात ठेवते आणि तोच शब्द पुन्हा आला की हिरव्या अक्षरांत समोर धरते. उपेंद्रांनी तो सव्वीस वेळा स्वीकारला होता. एका शब्दाला एकच प्रतिशब्द, हा तर त्यांचा वर्गातला आग्रह.

‘गोळी घेतल्यावर तासाभरानं घाबरल्यासारखं झालं.’

‘जिना चढताना घाबरल्यासारखं झालं, बसल्यावर बरं वाटलं.’

ही वाक्ये चौदाव्या क्रमांकाच्या वहीत होती, गोलसर, काळजीपूर्वक काढलेल्या अक्षरात. एका वहीत अशा आठ नोंदी. भाषांतर करताना आपण क्षणभर थांबलो होतो हेही त्यांना आठवले. नव्या औषधाची, मोठ्या दवाखान्याची या साध्या माणसांना भीती वाटत असणार, बिचारे, असे मनाशी म्हणून ते पुढे गेले होते. चुकीला कनवाळूपणाचा आधार मिळाला की ती सहसा तपासली जात नाही.

“चहा तिसऱ्यांदा गार केलात,” त्यांच्या पत्नी मनीषा दारातून म्हणाल्या. “काय शोधताय एवढं?”

“चूक.”

“कुणाची?”

“माझी.”

“मग वेळ लागेल. दुसऱ्यांच्या लगेच सापडतात तुम्हाला.”

ते उठून खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. फोन हातात होता.

संस्थेत त्यांचे काम पाहणारी आभा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. “सर, फाइल बंद झाली आहे. तुमचं प्रमाणपत्रही गेलं. आता उघडायची तर दुरुस्तीचा अर्ज लागेल. पाच कामकाजाचे दिवस.”

“शुक्रवारी समिती बसते आहे.”

“ते आपल्या हातात नाही ना, सर. आणि एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. ही गंभीर चूक म्हणून नोंदली जाईल. म्हणजे दोन वर्षं यादीतून नाव बाहेर.”

“कळलं.”

“त्यापेक्षा अर्जात सरळ छातीत धडधड असं लिहून टाकायचं का? इंग्रजीत एक शब्द आहे, तो टाका. मिटलं.”

“लिहिणारीनं धडधड म्हटलेलं नाही, आभा. कदाचित असेल. कदाचित साखर उतरली असेल, कदाचित श्वास लागला असेल. ते मी ठरवलं तर मी डॉक्टर झालो.”

“मग काय लिहिणार? रकान्यात चाळीस अक्षरं बसतात, सर. निबंध नाही बसत.”

उपेंद्रांनी विचारले, “तुमच्या घरी कुणी असं म्हणतं का? घाबरं होतंय?”

“आजी म्हणते ना. उन्हाळ्यात तर रोज.”

“मग तुम्ही काय करता?”

“काय करणार? आडवं करतो, पंखा लावतो. पाणी देतो. बाबा बीपीचं यंत्र काढतात.”

“कशाला घाबरलीस, असं विचारता?”

“नाही,” आभा म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. “मी वरच्यांना मेल टाकते, सर. तातडीचा म्हणून. पण ते वाचतीलच असं मी सांगू शकत नाही.”

गुरुवारी सकाळी दहापर्यंत त्या मेलला उत्तर आले नव्हते. उपेंद्र तोवर दोनदा कपडे बदलून बसले होते. करारात स्पष्ट लिहिले होते की भाषांतरकाराने रुग्णालयाशी किंवा सहभागी व्यक्तींशी कोणताही संपर्क ठेवू नये. गेल्या सहा वर्षांत हे कलम त्यांना कधी अडचणीचे वाटले नव्हते. उलट त्यात एक स्वच्छता आहे असे ते मानत. माणूस दिसला नाही की वाक्य नीट दिसते. साडेदहाला त्यांनी चपला घातल्या.

चाचणीचा विभाग रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होता. काचेचे दार, बाहेर लोखंडी बाक. गुरुवार तपासणीचा दिवस असल्याने चार-पाच माणसे बसली होती. उपेंद्र दारापर्यंत गेले, मागे फिरले, पाण्याच्या यंत्रापाशी उभे राहिले, पुन्हा दारापर्यंत गेले.

“बसा ना, जागा हाय,” बाकावरचा एक माणूस सरकत म्हणाला. साठीचा, उन्हाने रापलेला, पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. “असं फिरत राहिलात तर आत बोलवून सुई टोचतील. तुमी बी गोळीवाले का?”

“नाही,” उपेंद्र म्हणाले आणि बसले. “तुम्ही?”

“म्या गोळीवाला. बुधा नाव. पेठच्या पल्याड गाव हाय आमचं. पाटं पाचला निघलो.” त्याने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढून पिशवीवर ठेवली. “पायाची आग व्हती लय. आता कमी हाय. भातात उभं राहता येतं.”

“मग गोळी चांगली म्हणायची.”

“चांगलीच. जरा घाबरल्यावानी व्हतं तासाभरानं. ते जातं मंग.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

बुधाने दाराकडे पाहिले. “सांगून काय, काढून टाकलं तर? आन् त्यांनी इचारलं नाय. त्या बाई हायत ना आत, मागल्या खेपेला त्यांनी येगळंच इचारलं. म्हणल्या, बाबा, तुम्हाला भीती वाटते का? म्या म्हणलं, कशाची भीती? रानात जल्म गेला. बिबट्या बघितलाय म्या बांधावर. भीती नाय.” तो हसला. “त्यांनी लिवून घेतलं. नाय म्हणून.”

उपेंद्रांनी वहीच्या प्लास्टिकवरचा क्रमांक वाचायला नको होता. तो चौदा होता.

“अक्षर तुमचं?” त्यांनी विचारले.

“माझं कुठलं? सुनेचं. म्या सांगतो, ती लिवते. बारावी झालीय.”

गेला महिनाभर चौदा क्रमांक म्हणजे त्यांच्या मनात एक मध्यमवयीन बाई होती. नोंदींत कुठेही ‘गेलो’ किंवा ‘गेले’ नव्हते. अक्षरावरून त्यांनी ती बाई तयार केली होती. पण या वेळी त्यांना छळत होते ते दुसरेच. त्यांच्या चुकीच्या इंग्रजी शब्दावर कचेरीत कोणीतरी शंका काढली होती. ती शंका इथे आली होती. इथल्या कोणीतरी तिचे प्रामाणिकपणे मराठी केले होते: भीती वाटते का? आणि उत्तरही प्रामाणिक मिळाले होते. उद्या समितीसमोर कागद असेल तो असा: भीतीची तक्रार आली होती, चौकशी झाली, भीती नाही. एका शब्दाने जाऊन-येऊन प्रवास पूर्ण केला होता आणि परत येताना तो खोटा शाबीत झाला होता.

ते उठले आणि काचेचे दार ढकलले.

बुधा म्हणाला त्या बाई म्हणजे आत टेबलाशी बसलेली तरुणी, तृप्ती. चाचणीतल्या माणसांच्या तारखा, तपासण्या, कागदपत्रे सांभाळणे हे तिचे काम. उपेंद्रांनी आपले नाव सांगितले, काम सांगितले, आपण इथे येणे नियमबाह्य आहे हेही सांगितले आणि मग चूक सांगितली. तिने मध्येच थांबवले नाही. ऐकता ऐकता एक फाइल काढली आणि एका पानावर बोट ठेवले.

“ही शंका तिकडून आली होती. सहभागींना भीती वाटत असल्याचे दिसते, खात्री करावी.” तिचे बोट कागदावरच होते. “मी खात्री केली, सर. नऊच्या नऊ जणांना एकेकाला बसवून विचारलं. एकही हो म्हणाला नाही. मला वाटलं, वहीत काहीतरी अतिशयोक्ती केली असेल. वही आम्ही उघडत नाही ना.”

“तुम्हाला इंग्रजीत विचारलं गेलं होतं.”

“माझी आई येवल्याला मागावर बसते. उठताना भिंतीला धरते आणि म्हणते, घाबरं होतंय गं. मला कळायला हवं होतं, सर.”

“मला आधी,” उपेंद्र म्हणाले.

तिने कोरा कागद पुढे केला. तोंडी सांगून काही होणार नाही, मुख्य डॉक्टरांना लेखी काहीतरी हवे, मग ते आजच समितीला आणि इथल्या नैतिकता समितीला कळवतील, असे ती म्हणाली. सहीसकट. सहीखाली तारीख आणि वेळ. हे गेले की चूक तुमच्या नावावर कायमची, हेही तिने सांगितले, पण ते सांगताना तिने पेन त्यांच्या हातात दिलेच होते.

उपेंद्रांनी पहिली ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाडाखोडीवर गुण कापलेला माणूस आता स्वतःच खाडाखोड करत होता. बाहेर बुधा कोणाला तरी बिबट्याचे सांगत होता. काचेतून हसण्याचा आवाज येत होता. अखेर कागदावर जे उतरले ते असे होते:

‘मी प्रमाणित केलेल्या भाषांतरात सव्वीस ठिकाणी गंभीर चूक आहे. त्या ठिकाणी भीती हा अर्थ नाही. या शब्दप्रयोगाला मला इंग्रजीत एक शब्द सापडत नाही. तो ऐकल्यावर मराठी माणसे बोलणाऱ्याला बसवतात, पाणी देतात, हवा येऊ देतात, नाडी पाहतात. भीतीचे कारण विचारत नाहीत. म्हणून ही शरीराची तक्रार समजावी. ती कोणती, हे भाषांतरकाराने ठरवू नये. माणसाला तपासून ठरवावे.’

चाळीस अक्षरांत हे बसणारे नव्हते. तृप्तीने ते दोनदा वाचले आणि कागद घेऊन आतल्या दाराने निघून गेली. वीस मिनिटांनी परत आली तेव्हा तिच्या हातात ईसीजीसाठीची चिठ्ठी होती. तिने बाहेर डोकावून हाक मारली. बुधा पिशवी सांभाळत आत आला आणि उपेंद्रांकडे पाहून म्हणाला, “बघा, म्हणलं व्हतं ना, आत बोलवतील म्हणून.”

“बाबा,” तृप्तीने विचारले, “गोळी घेतल्यावर घाबरल्यासारखं होतं का?”

“व्हतंय ना. रोज.” त्याने तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिले. “काढणार का मला आता?”

तिने त्याला खुर्ची दिली आणि मनगट हातात घेतले. ती घड्याळाकडे पाहत मोजत होती, आणि मोजणे संपल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून मोजले. उपेंद्र तेवढ्यात बाहेर पडले. तिथे थांबण्याचा त्यांना अधिकार नव्हता.

शुक्रवारचा दिवस त्यांनी घरातल्या घरात चालत काढला. संध्याकाळी पाचनंतर आभाचा फोन आला.

“मात्रेची वाढ थांबवली, सर. आधी सगळ्यांचे ईसीजी, मग ठरवतील. तुमचा कागद बैठकीत वाचला म्हणे. आख्खा.”

“चौदा क्रमांकाचं काय?”

“ते मला कळत नाही. कळलं तरी सांगता येणार नाही.” ती पुढे म्हणाली, “आणि सर, यादीतून तुमचं नाव आज काढलं. मी बोलून पाहिलं.”

“बरोबरच आहे ते.”

“बुधवारी रात्री आजीला विचारलं मी. म्हटलं, घाबरं होतं म्हणजे नक्की काय होतं गं? म्हणाली, तुला एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं.”

फोन ठेवल्यावर खोली अधिक शांत वाटायला हवी होती. तसे झाले नाही. बुधाला खरी गोळी मिळत होती की खोटी, हे चाचणी संपेपर्यंत, म्हणजे दोन वर्षे, कोणालाच कळणार नव्हते. पायाची आग कमी झाली ती गोळीने की आशेने, आणि शरीरात जे काही होत होते ते गोळीचे की त्याचे स्वतःचे, याचे उत्तर कुठल्या तरी बंद लिफाफ्यात होते. त्याला काढतील की ठेवतील हेही कळणार नव्हते. काढले तर भातात उभे राहणे पुन्हा अवघड. ठेवले तर तासाभराने ते घाबरणे. उपेंद्रांच्या कागदाने त्याचे भले केले की वाईट, हेदेखील त्या लिफाफ्याबाहेर कुठे लिहिलेले नव्हते. एवढेच झाले होते की आता त्याला योग्य प्रश्न विचारला गेला होता.

शनिवारी सकाळी मनीषा बाजारातून परतल्या तेव्हा जेवणाच्या टेबलावर शब्दांच्या जुन्या वह्या पसरलेल्या होत्या. सहा वर्षांत प्रत्येक चाचणीगणिक त्यांनी ठरवलेले प्रतिशब्द त्यांत होते, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, मध्ये सरळ रेघ.

“काम तर गेलं ना?” त्या म्हणाल्या. “मग हे काय?”

“हे झालेलं काम आहे.”

“सगळं तपासणार?”

उपेंद्रांनी एक वही जवळ ओढली. पहिल्या वर्षाच्या वहीत, दम्याच्या एका औषधाच्या पानावर, त्यांचे बोट ‘कसंतरी होतंय’ या ओळीवर होते. उजवीकडचा शब्द नीटनेटका, ठाम, हिरव्या शाईने अधोरेखित केलेला. ती चाचणी चार वर्षांपूर्वी संपली होती. औषध एव्हाना दुकानात असणार. ते खुर्ची मागे सारून उठले, आणि पुण्याचा नंबर लावण्यापूर्वी, नेमके कोणाला काय सांगायचे ते मनात जुळवत, खिडकीपर्यंत गेले.